कोबा, मोझॅक आणि पॉलिश्ड काँक्रीट: आपल्या पायाखालचा इतिहास

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा आहे, त्यामुळे सवडीने वाचा.

या महिन्यात दोन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या. आपल्या वाचनालयाच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक तयार झालं आणि त्यात एक कलम आलं: जुनी मोझॅक फरशी काढून टाकणे व व्हिट्रिफाइड टाइल्स बसवणे. त्याच सुमारास बायपासवर एक नवं शोरूम उघडलं. तिथे टाइल्स नाहीतच, नुसतं काँक्रीट घोटून आरशासारखं केलंय. लोक आत जातात, खाली वाकून हात फिरवतात आणि विचारतात, "हे कुठलं इंपोर्टेड?"

म्हणजे एकीकडे सिमेंट आणि दगडाची घोटलेली जमीन आपण पैसे मोजून उखडणार, आणि दुसरीकडे सिमेंट आणि दगडाचीच घोटलेली जमीन कुणीतरी पैसे मोजून नवी करून घेणार. ह्या दोन्ही जमिनी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत हे मात्र कुणी सांगत नाही.

माझे वडील गवंडी होते आणि मी स्वतः तीस वर्षं बांधकामावर सुपरवायझर म्हणून काढली. त्यामुळे हा इतिहास मला पुस्तकाइतकाच थापी आणि रंध्यातून कळलेला आहे. तो सांगतो आणि मग वाचनालयाच्या कलमाकडे येतो.

सुरुवात चुन्यापासून. सिमेंट येण्याआधी आपल्याकडे पक्की जमीन म्हणजे चुन्याचा कोबा. भट्टीत भाजलेला चुना विरवायचा आणि घाणीत मळायचा. आपल्या कितीतरी गडांवर चुन्याच्या घाणीचं गोल दगडी चाक आणि त्याचा चर आजही दिसतो. त्या चुन्यात विटांचे तुकडे आणि विटांची पूड, म्हणजे सुरखी, घालायची. गूळ, हिरडा, बेलफळ यांचं पाणी घालायचं. मग तो माल पसरून लाकडी चोपण्यांनी चोपत बसायचं, एकदोन तास नव्हे, दिवसच्या दिवस. बायामाणसं ओळीने बसून तालात चोपायची. चोपणं मालात रुतायचं थांबून टणकन परत उडायला लागलं, की कोबा झाला.

यात सुरखीचं काम नीट समजून घ्या, कारण पुढे तेच परत येणार आहे. भाजलेल्या विटेच्या पुडीत सिलिका असतो. तो चुन्याशी पाण्यात हळूहळू जुळतो आणि त्यातून दगडासारखा घट्ट पदार्थ तयार होतो. रोमन लोक ज्वालामुखीची राख आणि कुटलेली वीट चुन्यात घालायचे, ते ह्याच कारणासाठी. आपल्या गवंड्याला रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण सुरखी घातली की चुना पाण्यातही धरतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग सिमेंट आलं. इंग्लंडमध्ये लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. घट्ट झाल्यावर ते पोर्टलंडच्या दगडासारखं दिसतं म्हणून ते नाव. आपल्याकडे ते बोटीने यायचं. भारतात मद्रासला १९०४ साली एक प्रयत्न झाला, पण जम बसला तो १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्याने. पुढे १९३६ साली दहा कंपन्या एकत्र होऊन एसीसी उभी राहिली.

सिमेंटबरोबर कोब्याचं रूप बदललं. दिवसेंदिवस चोपायची गरज उरली नाही. सिमेंट, वाळू, बारीक खडी यांचा माल करायचा, पट्ट्या लावून चौकोन पाडायचे, एक आड एक चौकोन भरायचा, पाट्याने ओढायचा, रंध्याने घोटायचा आणि वरून नीरू मारून थापीने गुळगुळीत करायचा. ह्याला नाव मिळालं इंडियन पेटंट स्टोन. आजही अंदाजपत्रकात "आयपीएस" लिहिलेलं असतं ते हेच. सरकारी भाषेत आयपीएस, घरात मात्र कोबाच. कोकणात आणि गोव्यात त्यात तांबडा ऑक्साइड घालून लाल कोबा करायचे. जुन्या घरांच्या ओट्यांवर तो अजून तुकतुकीत आहे, कारण रोज ओल्या फडक्याने पुसून पुसून घरातल्या बायकांनी तो पन्नास-साठ वर्षं पॉलिश केलाय. त्याची मजुरी कुठल्याच बिलात लागलेली नाही.

दुसरी वाट टाइल्सची. मुंबईतल्या सरकारी इमारती आणि श्रीमंतांच्या बंगल्यांत इंग्लंडहून आलेल्या मिंटनच्या टाइल्स बसायच्या. स्वदेशीच्या काळात, १९२२ साली, फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम यांनी भारत टाइल्स सुरू केली आणि उरणला कारखाना काढला. इंग्लंडची टाइल मातीची आणि भट्टीत भाजलेली. इथली सिमेंटची, भट्टी नाहीच: साच्यात रंगीत सिमेंट ओतायचं, मागून कोरडा माल भरायचा, दाबयंत्राखाली दाबायचं आणि पाण्यात मुरवत ठेवायचं. नक्षी इतकी सुबक की परदेशी मालाशी तुलना व्हायची. मिठाची आणि खादीची स्वदेशी आपल्याला माहीत आहे. जमिनीचीही स्वदेशी होती, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

तिसरी वाट मोझॅकची. खरं तर आपण ज्याला मोझॅक म्हणतो त्याचं जगभरातलं नाव टेराझो. व्हेनिस आणि आसपासच्या कारागिरांनी संगमरवराच्या कामातले उरलेले तुकडे चुन्यात बसवून, लांब दांड्याला बांधलेल्या जड दगडाने ते घासून ही जमीन केली. म्हणजे ही जमीन जन्मली तीच उरल्यासुरल्यातून. आपल्याकडे ती सिमेंटमध्ये आली आणि १९५० ते १९९० ह्या काळात शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, बँका, सोसायट्या, सगळीकडे पसरली. पांढऱ्या किंवा पिवळसर सिमेंटमध्ये काळ्या, तांबड्या, हिरव्या चिपा. ते बघत बघतच आपल्या पिढीने पाढे पाठ केले.

तिचं पॉलिश कसं व्हायचं ते सांगतो. फरशा बसवून, सांध्यात सिमेंटची लापशी भरून आधी आठवडाभर पाणी मारायचं. मग मशीनचा पहिला हात, जाड कार्बोरंडमच्या दगडांनी. हा कार्बोरंडम म्हणजे १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसनला कृत्रिम हिरा करायच्या खटपटीत सापडलेला पदार्थ. पहिल्या हातात चिपा उघड्या पडतात आणि बारीक भोकं दिसतात. ती लापशीने भरायची, परत पाणी, परत थांबायचं. दुसरा हात मध्यम दगडाने. परत तेच. तिसरा हात बारीक दगडाने. शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड आणि मेण. सगळं पाण्यात चालायचं. खोलीभर राखाडी रबडी, आणि पॉलिशवाला घोट्यापर्यंत त्यात उभा.

मधल्या काळातली एक गोष्ट आजच्या मुलांना सांगितली तर खोटी वाटते. सिमेंट परमिटवर मिळायचं. घर बांधायचं तर पोत्यांसाठी अर्ज, शिफारस, खेटे. सिमेंट वाटपाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. पुढची न्यायालयीन लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन बरीच वर्षं चालली. त्याच वर्षी सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठलं आणि १९८९ साली पूर्ण उठलं. त्या टंचाईत सामान्य माणसाला आधार होता शहाबादी फरशीचा. गुलबर्ग्याकडचा थराथराचा चुनखडक. पहारीने थर सुटतात, तयार लाद्या निघतात. गंमत बघा, त्याच पट्ट्यात वाडीला सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. एकाच चुनखडीचा वरचा थर आपल्या स्वयंपाकघरात लादी होऊन आला आणि बाकीचा दळून, भाजून पोत्यात भरून आला.

त्यानंतर मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या आणि वीसेक वर्षांत सगळं पुसून गेलं. त्यांना दोष देत नाही. बसवल्या की दुसऱ्या दिवशी वापरायला मोकळ्या, डाग धरत नाहीत, पॉलिशचा चिखल नाही, हप्त्यावर घर घेतलेल्या माणसाला परवडतात. पण एक फरक लक्षात ठेवा. मोझॅकचा वरचा चिपांचा थर चांगला पाच-सहा मिलिमीटर जाड असतो. तो झिजला, काळवंडला की परत मशीन मारायचं. प्रत्येक वेळी जेमतेम वरची साय जाते, खाली तीच जमीन नव्याने निघते. छापील नक्षीच्या टाइलवर रंगाचा थर एका मिलिमीटरपेक्षाही कमी. त्यावर ओरखडा गेला की ती टाइल बदलायची, दुसरा इलाज नाही. आणि दहा वर्षांनी तेच डिझाइन बाजारात मिळत नाही हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय.

आता शोरूममधल्या पॉलिश्ड काँक्रीटकडे या. ही पद्धत पसरली ती गोदामांमुळे. भिवंडी, चाकण बघा. तिथे फोर्कलिफ्ट दिवसभर फिरतात. साध्या काँक्रीटची जमीन त्याखाली पिठासारखी झिजते आणि तो भुगा मालावर बसतो. म्हणून आधी ट्रिमिक्स करतात: ओलं काँक्रीट ओतून त्यातलं जास्तीचं पाणी चटया टाकून पंपाने शोषून घेतात आणि पंख्याच्या पात्यांसारख्या मशीनने घोटतात. त्यावर पाण्याची आळी बांधून ते मुरवतात. काँक्रीटचा पुरता कस धरायला २८ दिवस मोजतात. पहिल्या सात दिवसांत साधारण दोन-तृतीयांश ताकद येते, म्हणून ते सात दिवस जमीन सुकता कामा नये.

मग हिऱ्याचं मशीन. कार्बोरंडमच्या जागी कृत्रिम हिऱ्याचे कण बसवलेल्या चकत्या. आधी ४० नंबर, मग ८०, १५०, पुढे ४००, ८००, १५००, कधी ३००० पर्यंत. नंबर वाढतो तसा कण बारीक होतो आणि आधीच्या चकतीचे ओरखडे पुढची चकती पुसते. एक नंबर गाळला तर तो ओरखडा शेवटपर्यंत दिसतो, मेण लावून झाकला तरी चार महिन्यांत वर येतो. किती खोल घासायचं तेही आधी ठरवावं लागतं. वरवर घासलं तर सिमेंटची सलग साय राहते, थोडं खोल गेलं तर वाळूचे ठिपके दिसतात, आणखी खोल गेलं तर खडी. आपल्याकडची खडी काळ्या बसाल्टची, म्हणून आपलं पॉलिश्ड काँक्रीट काळ्या ठिपक्यांचं. परदेशी कॅटलॉगमधली पांढरी-गुलाबी खडी इथे उगवत नाही.

मधल्या टप्प्यावर एक द्रव मारतात, त्याला डेन्सिफायर म्हणतात. पिंपावर इंग्रजीत मोठमोठं लिहिलेलं असतं. आत असतं काय? सोडियमचा किंवा लिथियमचा सिलिकेट. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होताना आत मोकळा चुना उरतो. हा सिलिकेट त्या चुन्याशी जुळतो आणि भोकं दगडासारख्या पदार्थाने भरून टाकतो. आठवलं? चुना आणि सिलिका. सुरखी जे काम सावकाश करत होती तेच काम पिंपातला द्रव लवकर करतो. आजोबाच्या कोब्याची आणि शोरूमच्या काँक्रीटची नाळ इथे जुळते.

इतका इतिहास सांगायचं कारण हे की ह्या सगळ्या जमिनी तीन गोष्टींवर उभ्या राहिल्या: वेळ, पाणी आणि माणसाचा दम. काळ बदलला तसं आपण वेळ कापला. मग पाणी कापलं. तिसऱ्या गोष्टीचं काय झालं ते आता सांगतो.

माझ्या कामावर एक पॉलिशवाले होते. नाव लिहीत नाही, घरच्यांना आवडणार नाही. मोझॅकच्या दिवसांत पाण्यात उभं राहून त्यांचे पाय कुजायचे, नखं जायची. पुढे काँक्रीट आणि ग्रॅनाइटचं काम आलं, हातातलं सुकं ग्राइंडर आलं. पाणी नको, राड नको, काम लवकर. तोंडाला रुमाल बांधून बंद खोलीत दहा-दहा तास. पन्नाशीच्या आत खोकला आणि धाप सुरू झाली. दोनदा टीबीचा कोर्स झाला, फरक पडला नाही. मोठ्या शहरात एका डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "काम काय करता?" तेव्हा नाव कळलं: सिलिकोसिस.

वाळूत आणि काही दगडांत स्फटिकाच्या रूपातला सिलिका असतो. सुका घासला की त्याची इतकी बारीक धूळ होते की ती डोळ्याला दिसत नाही आणि रुमालातून आरपार जाते. फुप्फुसात बसते, तिथे व्रण पडतात, फुप्फुस आखडतं. यावर औषध नाही. शिवाय अशा माणसाला टीबी होण्याचा धोका वाढतो. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ही धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदवली. इटलीच्या रामाझिनी नावाच्या वैद्याने तर १७०० साली पाथरवटांच्या छातीतल्या धुळीबद्दल लिहून ठेवलंय. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही सिलिकोसिस कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होता. म्हणजे कुणाला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. पण आमचा पॉलिशवाला कुठल्याच कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हता. आज ह्या साइटवर, उद्या त्या.

नव्या पद्धतीत इलाज आहे, तोही सांगायला हवा. पाणी सोडत घासलं तर धूळ उडत नाही. सुकं घासायचं तर मशीनला बारीक गाळणीचा धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडायचा आणि कामगाराला नीट बसणारा मास्क द्यायचा. चांगले कंत्राटदार हे करतात. पण व्हॅक्यूमचं भाडं लागतं, आणि दर पाडून काम घेतलेला माणूस सगळ्यात आधी ते भाडंच वाचवतो. राजस्थानात दगडखाणींमुळे ह्या रोगाचे खूप रुग्ण. तिथल्या सरकारने २०१९ साली रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबांना मदत देणारं धोरण केलं. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी वापरतात त्या कृत्रिम क्वार्ट्झच्या दगडावरच बंदी घातली, कारण तो कापणारी तरुण पोरं आजारी पडायला लागली.

आता वाचनालय. माझं म्हणणं साधं आहे. ती फरशी उखडू नका. मी स्वतः जाऊन बघितली. दोन ठिकाणी खचली आहे, दाराजवळ पाच-सात फरशा फुटल्या आहेत, बाकी फक्त मळलेली आहे. खचलेला भाग उचलून खालचा भराव नीट करावा, फुटलेल्या जागी नव्या बसवाव्यात आणि सगळ्या हॉलला पाण्यावर मशीन मारावं. संगमरवराच्या चिपांत सिलिका काँक्रीटपेक्षा कमी, आणि पाणी सोडून घासलं तर धूळ जवळजवळ नाहीच. उखडली तर मात्र ब्रेकरने सुकी धूळ उडणार, डबर कुठल्यातरी ओढ्यात पडणार आणि वर नव्या टाइल्सचा खर्च.

आणि हे काम असो की पुढचं कुठलंही, शाळेचं, दवाखान्याचं, मंडईचं, निविदेत तीन ओळी लिहून घ्या. एक, पाणी मारायचे दिवस किती, आणि त्याची रोजची नोंद. उद्घाटनाच्या तारखेसाठी ते दिवस कापायचे नाहीत. दोन, घासकाम पाण्यावर किंवा व्हॅक्यूम लावूनच, आणि त्याचा दर वेगळा धरलेला, म्हणजे कंत्राटदाराला वाचवायचा मोह होणार नाही. तीन, कामावरचा प्रत्येक माणूस बांधकाम कामगार म्हणून नोंदलेला. १९९६ च्या कायद्यापासून बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर ह्याच माणसांच्या नावाने गोळा होतोय. वर्षात ९० दिवस काम केलेल्याला नोंदणी मिळू शकते. पण त्याला तो दाखला मिळवून द्यायला मधे कुणीतरी उभं राहावं लागतं. ते आपण राहू.

अंदाजपत्रकाची पुढची बैठक अजून व्हायची आहे. मी लेखी निवेदन लिहून ठेवलंय, ज्यांना सही करायची आहे त्यांनी संध्याकाळी सहानंतर वाचनालयाच्या ओट्यावर यावं. आणि ज्यांच्या घरी जुना लाल कोबा, सिमेंटच्या नक्षीच्या टाइल्स किंवा मोझॅक शाबूत आहे त्यांनी खाली फोटो टाका, साल आठवत असेल तर लिहा. गवंड्याचं, पॉलिशवाल्याचं नाव माहीत असेल आणि घरच्यांची हरकत नसेल तर तेही लिहा. इमारतीच्या कोनशिलेवर मंत्र्याचं नाव असतं. जमीन ज्याने घोटली त्याचं निदान आपल्याकडे तरी असू दे.